बनाक्काची सुई

आमच्या घरी कुणी गरोदर पाहुणी आली की मी तिच्या हातात सुई-दोरा देते आणि म्हणते, "जरा ओवून दे गं, मला दिसत नाही." आता माझं वयच असं आहे की यात कुणाला काही खोटं वाटत नाही. पण तीस वर्षांची असतानाही मी हेच म्हणायची, तेव्हा नणंद म्हणायची, "वहिनी, डोळे नाही, तुझा आळस नडतो." तिला काय सांगणार? ही खोड मला बनाक्कानं लावली.

बनाक्का म्हणजे वडूजच्या पलीकडं, कोरड्या माळावरच्या एका गावातली सुईण. तिकडं विलायतेत मोठी लढाई चालू होती, त्या दिवसांतली गोष्ट. माझ्या यजमानांची त्या गावच्या शाळेवर बदली झाली आणि पाचव्या महिन्याचं पोट घेऊन मी सांगलीहून तिथं जाऊन पडले. माझं माहेर कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. पाणी मोजून वापरायचं असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. इथं गल्लीच्या मधोमध एक आड, त्याच्या भोवती दहा-बारा घरं, आणि उन्हाळ्यात दोर संपायचा पण पाणी लागायचं नाही. पहिले आठ दिवस मी रोज रडले. नवव्या दिवशी रडायला सवड मिळाली नाही, कारण बनाक्का आली.

उंच, काटक बाई. कपाळाला बोटभर भंडारा, पायात पुरुषी वहाणा. कोण, कुठली, काही न सांगता उंबऱ्यावर बसली. कमरेच्या चंचीतून घोंगड्याचा एक तुकडा काढला, त्यात टोचलेली सुई काढली, हातभर काळा दोरा काढला आणि दोन्ही माझ्यापुढं धरले.

"वव."

मला वाटलं, शिकलेली बाई गावात आली म्हणून ही आपली कामं घेऊन आली. जरा रागातच ओवून दिली. गंमत म्हणजे ती सुईकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं माझा पाय ओढला, नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला आणि तिथं खळगा राहतो का ते पाहिलं.

"बांगड्या घट व्हत्यात?"

"नाही."

"डोस्कं ठणाकतं? डोळ्याम्होरं काजवं येत्यात?"

"नाही हो."

"मग झ्याक हाय," असं म्हणून तिनं मी ओवलेला दोरा सुईतून सरळ ओढून काढला, चंचीत टाकला आणि निघून गेली.  यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "अशा लोकांच्या नादी लागू नये." चहा सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल त्यांचं हेच मत होतं.

पण बनाक्का माझ्या नादी लागली होती. दर बाजारच्या दिवशी ती यायची आणि सुई पुढं करायची. तोच दोरा, तीच सुई. गल्लीतल्या, वाडीवस्तीवरच्या सगळ्या पोटुशींना तिचा हाच जाच होता. बायका आपसांत हसायच्या, "आक्काची वाकळ काय ह्या जल्मात शिवून व्हायची न्हाई." मीही हसले. म्हातारीची नजर गेलीय आणि कबूल करायला लाजतेय, असा माझा शहाणपणाचा निष्कर्ष होता.

तो फार दिवस टिकला नाही. एकदा माझ्या पायात कुसळ गेलं. मला दिसेना, यजमानांना चष्म्यातून दिसेना. आक्कानं पाय मांडीवर घेतला आणि दोन नखांत धरून ते केसाएवढं कुसळ उपटून काढलं. मी चिडलेच.

"एवढं दिसतंय तुला, मग मला कशाला छळतेस सुई ओवायला?"

ती चिडली नाही. कुसळ फुंकून टाकत म्हणाली, "जीव दोन आसत्यात गं, डोळं दोनच. आन् डोळं आदी बोंबलत्यात. आंग मागनं." एवढं बोलून वहाणा चढवून निघून गेली.

तिचं घर आमच्या समोर, आडाच्या कडेला. एक खोली, एक ओटा आणि एक लंगडी मेंढी. नवरा मेंढरांमागं रानोमाळ हिंडता हिंडता वारला होता. मुलगा सिदा पलटणीत होता, कुठल्या मुलखात ते तिला माहीत नव्हतं. "ही विद्या कुणाकडून शिकलीस?" असं विचारलं तर म्हणायची, "मेंढरांची बाळंतपनं करत करत मान्सांची आली. मेंढरं बरी पर, त्यास्नी सासू नसती."

कळा सुरू झाल्या की घराघरांतून "आक्का, पळ" अशी हाक यायची. बारा दिवसांनी त्याच घरात पाळणा सजायचा, घुगऱ्या वाटल्या जायच्या, तेव्हा मात्र तिला कुणी हाक मारत नसे. मी आधी समजले, विसरत असतील. मग कळलं की विसरत नव्हते. नाळ कापायला तिचा हात चालायचा, पाळण्याच्या दोरीला चालत नसे. का, ते कुणी मला सांगेना. बारशाच्या संध्याकाळी ती आपली ओट्यावर बसून मेंढीला पाला घालायची आणि पाळण्याची गाणी चालू झाली की आत जाऊन दार लोटून घ्यायची. मला ते बघवायचं नाही. तरी माझ्या मुलीच्या बारशाला मी तिला बोलावलं तेव्हा तीच आली नाही. म्हणाली, "नगं. तुज्या लेकरावर बालंट यील."

एका बारशाची गोष्ट सांगते. गावात एक अडत्याचं घर होतं, गावातलं एकमेव माडीचं. त्यांच्या सुनेला आठवा लागला होता. सासू ज्याला त्याला कौतुकानं दाखवायची, "बगा की, आंगानं कशी भरलीया." पोरीचं तोंड खरंच भरलं होतं, डोळे बारीक झाले होते, आणि हातातल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. त्या दिवशी मी तिथं हळदीकुंकवाला गेले होते. बनाक्का आली, दारातूनच सुई पुढं केली. पोरीनं दोरा धरला, नेला, तो सुईच्या शेजारून गेला. ती हसली. पुन्हा नेला, पुन्हा शेजारून. तिसऱ्यांदा तिनं सुईच्या भलत्याच बाजूला दोरा टेकवला आणि म्हणाली, "आक्का, दोन सुया का आणल्यास?"

आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा. आक्का उंबऱ्यात आडवी बसली आणि म्हणाली, "गाडी जुपा. हिला आत्ताच्या आत्ता साताऱ्याला न्ह्याची."

सासू म्हणाली, उद्या अमावास्या आहे, सून वेस ओलांडणार नाही. आक्का म्हणाली, मग मी उंबऱ्यातनं उठणार नाही. मग त्या घरानं तिला काय काय ऐकवलं! "स्वतःची घालवलीस, आता आमची घालवायला आलीस," असंही कुणीतरी आतून म्हणालं. आक्काच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. ती दोन तास तशीच बसली. येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. शेवटी अडत्या कंटाळला आणि त्यानं सर्व्हिस मोटार थांबवली. तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढाला उतारूंना खाली उतरून ढकलाव्या लागायच्या. तसल्या मोटारीतून त्या पोरीला आक्का साताऱ्याला घेऊन गेली. पुसेगावाजवळ येईतो पोरीला समोरचा माणूस दिसेना झाला होता.

महिन्यानं ती परत आली. मूल चिमणीएवढं, पण जिवंत. पोरीचे डोळे बाळंतपणानंतर चार दिवसांत आपले आपण उघडले होते. अडत्यानं देवाला चांदीचे डोळे वाहिले, मोठं बारसं केलं, आणि आक्काला बोलावलं नाही. मी तणतणले. आक्का म्हणाली, "द्येवाला पोचलं न्हवं? मग झालं."

ते "स्वतःची घालवलीस" मात्र माझ्या डोक्यात राहिलं होतं. त्याचा उलगडा झाला एका ग्रहणाच्या दिवशी. भर दुपारचं सूर्यग्रहण. गल्ली चिडीचूप, दारं लावलेली, पोटुशी बायका कोपऱ्यात हातपाय न हलवता बसवलेल्या. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर बनाक्का एकटी उघड्या ओट्यावर बसून शिवत होती. एका जुन्या सदऱ्याला बटण लावत होती. लावायची, दोरा तोडायची नाही, उसवायची, पुन्हा लावायची. उजेड पिवळट, मळका झाला होता आणि त्यात ती मान खाली घालून टाके घालत होती. 

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. विचारलं नाही काही. तिनंच सांगितलं.

"सिदाची बायकू, तानी. लय ग्वाड पोर. सिदा पलटणीत ग्येला तवा तिला सा म्हैनं. त्येच्यामागनं आसंच गिरान आलं. मी तिला सांगितलं, कोपऱ्यात बस, चिरू नगं, शिवू नगं. आन् बगती तर ही दाराच्या उजेडाला सुई घिऊन उबी. सिदाच्या सदऱ्याला बटन लावाय. मी अशी वराडले तिच्यावर! गिरानात सुई धरलीस? पोराचा डोळा फोडतीस का म्हनलं."

 तिनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला.

"चार दिसांनी म्हनली, आत्ती, दिवं दोन दिसत्यात. मी म्हनलं, बग, गिरान लागलं. तिला आतल्या आंदारात बसवली, डोळ्यावर वल्लं फडकं बांदलं. गिरान उतरल म्हनलं. आट दिस. आंग सुजलं तर मी म्हनलं, बाळसं धरलंय. आटव्या दिशी भर दुपारी मला इच्यारती, आत्ती, उजाडलं का? मग झटकं आलं. गाडीत घालून साताऱ्याला न्हेली. डॉक्टरीनबाई म्हनली, डोळं कवाचं सांगत हुतं, तुमी आयकलं न्हाई."

तानी गेली. पोटातलं पोटातच गेलं.

"गिरानाच्या दिशी दारात ती कवाधरनं दोरा ववत हुती, ठावं हाय? थुकी लावती, पुन्यांदा न्हेती, जाईना. सुई लांब धरती, जवळ धरती. मी समदं बगत हुते." आक्कानं चंचीतली सुई काढून तळहातावर ठेवली. "ही तिचीच. मी सुई बगितली गं. दोरा जाईना, ते बगितलंच न्हाई."

 ग्रहण, विटाळ, विधी-निषेध आमच्या सांगलीतही होतेच की. तिच्या जागी माझी सासू असती तर वेगळं काय केलं असतं? मी तिचा हात धरला. तिनं तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला.

लढाई संपली आणि सिदा परत आला. पत्र्याची ट्रंक, पायात बूट. कुणा भावकीतल्यानं त्याला पत्रानं कळवून ठेवलं होतं, की आईनं तानीला अंधारात कोंडून मारली. तो आईच्या घरी गेलाच नाही. आडाच्या पलीकडं चुलत्याच्या मोकळ्या घरात उतरला. तीन दिवस आक्का ओटा सारवून, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. चौथ्या दिवशी तो आडावर आला. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "सिदा, भाकरी खाल्लीस का रं?" त्यानं घागर भरली आणि गेला. मायलेकांमध्ये पंचवीस पावलांचं अंतर होतं. तो आयुष्यभर एवढं चालणार नाही असं तेव्हा वाटलं.

त्यानं वर्षभरानं दुसरं लग्न केलं. मुलगी माणदेशाकडची, नाव अनशी. आक्काला बोलावणं नव्हतंच. वाजंत्री वाजत होती तेव्हा आक्का ओट्यावर उभी होती. अक्षता पडायच्या वेळेला तिनं मूठभर जोंधळे आडाच्या दिशेनं टाकले. कोंबड्यांनी ते लगेच टिपले.

अनशीला दिवस गेले हे आक्काला कुणी सांगावं लागलं नाही, आडावरच्या तिच्या पावलांच्या आवाजावरनंच तिनं ओळखलं. पाचव्या महिन्यात तिनं आडावर अनशीपुढं सुई धरली. सिदा समोरून ओरडत आला, "एक घालवलीस, आता हिच्या म्हागं लागू नगंस! हिला सुई दावायची न्हाई!" सगळी गल्ली गोळा झाली. आक्कानं सुई चंचीत ठेवली आणि घरी आली. त्या दिवशी ती पहिल्यांदा मला खचलेली दिसली.

अनशी फार बोलणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घागर आडाच्या काठावर ठेवली, पदराच्या टोकातून स्वतःची सुई काढली, दोरा ओवला आणि हात उंच करून ती सुई आक्काच्या ओट्याकडं धरली. दोरा वाऱ्यावर हलत होता. मग घागर भरून मुकाट निघून गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी धावत ओट्यावर गेले.

"आक्का, पाहिलंस?"

"काय गं?"

"अनशीनं सुई ओवून दाखवली तुला."

आक्का धडपडत उठली. "कुटं हाय? कुटं हाय ती?" म्हणत तिनं तोंड फिरवलं ते लिंबाच्या झाडाकडं. आड उजवीकडं होता.

तेव्हा मला कळलं. गेले कित्येक महिने ती भिंतीला हात लावून चालत होती, आणि मी ते म्हातारपणावर ढकलत होते. दोन्ही डोळ्यांत मोती उतरला होता. जिनं गावभरच्या बायकांचे डोळे तपासले, तिचे कुणी पाहिले नव्हते. मी तर रोज तिच्यासमोर होते.

तिनं मला शपथ घातली. "कुनाला बोलू नगंस. आंदळ्या सुइनीला कोन बलावंल? आन् अनशीला तर लयच न्हाई. मला दिसत न्हाई कळलं, तर ती कशापायी दावंल?"

मग रोज सकाळी मी त्या वेळेला तिच्या ओट्यावर जायची. अनशी सुई उंच करायची. आक्का बरोबर त्या दिशेला, मी आधी सांगितलेल्या दिशेला, तोंड करून ताठ बसायची.

"ववली?"

"ओवली."

"कितींदा न्हेला दोरा?"

"एकदाच."

"थुकी लावली का?"

"नाही आक्का."

मग ती सुस्कारा सोडायची आणि मेंढीला सोडायला उठायची. एकदा मी विचारलं, "आणि एखाद्या दिवशी नाही ओवता आली तर?" ती म्हणाली, "मोटारवाल्याला सांगून ठिवलंय. सिदाच्या पाया पडीन, पर तिला मोटारीत घालीन."

अनशीला आठवा लागला आणि आमची बदली झाली, फलटणकडं. मला इतर कशाचंच वाटलं नाही. रोज सकाळी "ओवली" असं कोण सांगणार, एवढंच डोक्यात होतं. आक्कानं ते तोंडातून काढलं नाही. फक्त म्हणाली, "बरं. जा." शेवटच्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सामान गाडीत भरेपर्यंत मी आडावर गेले आणि शपथ मोडली.

"अनशी, आजपासून हात वर करून उपयोग नाही. तिला दिसत नाही. मी सांगत होते म्हणून तिला कळत होतं."

 अनशीनं घागर उचलली आणि ती घरात गेली. मला वाटलं, संपलं. आक्का म्हणाली होती तेच झालं.

पुढचं इथंच सांगून टाकते. दीड महिन्यानं शाळेच्या शिपायाचं पत्र आलं, अनशी मोकळी झाली, मुलगी आहे, दोघी खुशाल आहेत. बारशाला आक्काला बोलावलं की नाही, ते त्यानं लिहिलं नव्हतं. गड्यांना असल्या गोष्टी सुचत नाहीत. मी पुन्हा त्या गावाला गेले नाही, आणि आक्का त्यानंतर किती वर्षं होती तेही मला माहीत नाही.

मला तिचं ठाऊक आहे ते त्या सकाळपर्यंतचं. आक्का रोजच्यासारखी ओट्यावर येऊन बसली होती. मी शेजारी नव्हते, तरी सवयीनं आडाच्या अंदाजानं तोंड करून, ताठ. आमची गाडी हलली. तेवढ्यात अनशी घरातून बाहेर आली. हातात घागर नव्हती. सिदा दारात आरसा टेकवून दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण. "कुटं चाललीस?" तो म्हणाला.

"आत्तीकडं," अनशी म्हणाली, आणि थांबली नाही. ते अवघडलेलं पोट घेऊन ती आडाला वळसा घालून पलीकडं गेली, आक्काच्या शेजारी ओट्यावर बसली, तिथंच सुई ओवली आणि आक्काचं बोट धरून दोऱ्यावर ठेवलं.

आक्कानं सुई चाचपली. दोरा एका बाजूनं ओढून पाहिला, मग दुसऱ्या बाजूनं. सिदा वस्तरा हातात धरून तसाच उभा होता. कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही, गाडीची चाकं वाजत होती. रोज माझं "ओवली" ऐकल्यावर ती लगेच कामाला उठायची. गाडी शाळेच्या कोपऱ्याला वळेपर्यंत मी मागं बघत होते, तोवर तिनं दोरा सोडला नव्हता.